तुळईचं बाक

२८ डिसेंबर १९५७

ताईनं ही वही दिली आणि म्हणाली, "अच्या, दिवसभर काय करतोस ते लिहीत जा. मला नको दाखवूस, पण तुला स्वतःला तरी कळू दे." म्हणून लिहितो आहे.

निघालो होतो इथल्या, भोपाळच्या इतवाऱ्यातल्या फर्निचरवाल्याकडे. त्यानं परवाच सांगितलं होतं की राजधानी नवी आहे, ऑफिसांत फायली जमिनीवर पडल्यात, बाबू लोकांना बसायला स्टुलं नाहीत. तो स्टुलं घरी करायला देतो, पण ज्याचं स्वतःचं सुतारी बाक आहे त्यालाच. "जमीन पे बेठ के बनाओगे तो लंगडा बनेगा, खाँ." आज त्याला विचारायचं होतं की बाक किती मोठं हवं. पण पुलाजवळ रस्त्यावर एक दात काढणारा बसला होता, समोर चादरीवर उपटलेल्या दातांचा हा ढीग. एका शिपायाची दाढ निघेपर्यंत थांबलो. मग गर्दीबरोबर चालत राहिलो तो जहांगीराबादेत पोचलो, आणि तिथे रस्ता रुंद करायला एक जुनी कोठी पाडत होते.

तिथे ती तुळई पाहिली. सागाची. वीतभर रुंद, तितकीच जाड, सात फूट तरी लांब. वर चुना, खाली काजळी, पण एका टोकाला कुऱ्हाड लागली होती तिथे आत मधासारखा रंग. वर्ध्याला आश्रमाच्या सुतारशाळेत तीन महिने होतो, तेवढं कळतं. बाजारात असं लाकूड मला जन्मात परवडणार नाही.

बाकाचा वरचा फळा झाला की बाक झालंच. बाक झालं की काम. काम झालं की भाऊजी काही बोलणार नाहीत. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, नीळकंठराव. नागपूरला सचिवालयात होते. गेल्या वर्षी राज्यं नव्यानं झाली, त्यांच्या टेबलाच्या उजवीकडचे सगळे मुंबईला गेले, डावीकडचे भोपाळला, भाऊजी डावीकडे. मी मागून आलो, बोलावल्याशिवाय. ते रागावत नाहीत. फक्त म्हणाले, "जानेवारीअखेर काहीतरी धर, अच्युत. एकदा तरी धर."

३१ डिसेंबर

तीन दिवस कोठीवर विटा वाहिल्या. हाताची सालं निघाली. मुकादमाला आधीच सांगितलं होतं, मजुरी नको, लाकूड दे. आज तो म्हणाला, "वो पडी हे लकडी, उठा ले जा," आणि हात केला.

तिकडे दोन ढीग होते. एक फळकुटांचा, वाळवी लागलेल्या खिडक्यांचा. दुसऱ्यात तुळई आणि चौकटीचे दोन खांब, नीट रचून ठेवलेले. त्याचं बोट मधोमध होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

मुकादम जेवायला गेला तेव्हा हातगाडीवर चढवलं. हेही लिहून ठेवतो.

४ जानेवारी १९५८

खिळेच खिळे. तुळईत जुने चौकोनी खिळे रुतून बसलेत, पकडीनं उपटताना लाकूड किंचाळतं. ताई कानांवर हात ठेवून बाहेर आली. "अरे, शेजारी काय म्हणतील?" पण लगेच तुळईवर बसून शेंगा सोलायला लागली. ती इथे फार खूश आहे. शिवाजीनगरचं हे क्वार्टर दोन खोल्यांचं, पण लग्नाला सहा वर्षं होऊन पहिल्यांदा तिचं स्वतःचं स्वयंपाकघर आहे, आणि सासूबाई नागपूरला. काल तिनं मागच्या दारी पेरूचं रोप लावलं. म्हणाली, "तीन वर्षांत पेरू." मी तीन वर्षं एका जागी कधी राहिलो नाही, मला ते ऐकूनच कसंतरी झालं.

दुपारी आरा मशीनवर तुळई नेऊन तीन फळ्या काढून आणल्या. एक खिळा आत राहिला होता. पात्यावर ठिणगी उडाली, आरेवाल्यानं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. तिसऱ्या फळीला त्या जागी निळा डाग पडलाय.

संध्याकाळी ताई पाण्याची घागर घेऊन हसत आली. नळावर कमलिनीबाई आणि तिवारीणबाईंचं आठवडाभर चाललेलं भांडण मिटलं. "दोघींचा राजीनामा झाला बाई एकदाचा!" मी म्हटलं, "नळावर राजीनामा? त्या काय नोकरीला होत्या?" ती म्हणाली, "तुझं लक्ष कुठं असतं रे," आणि भात उतू जात होता म्हणून आत पळाली. ताईचं हिंदी असलं आहे. मिळेल तो शब्द उचलते.

८ जानेवारी

बाक करायला आधी बाक लागतं. फळी पकडायला काहीच नाही. शेवटी व्हरांड्याच्या पायरीला टेकवून, एक पाय फळीवर देऊन रंधा मारतो. पाठीचे तीन तेरा. फळीला पीळ आहे की नाही ते बघायला दोन सरळ काड्या दोन टोकांना ठेवायच्या आणि एक डोळा मिटून बघायचं. एक काडी दुसरीच्या मागे नीट लपली तर फळी सपाट. माझी लपता लपत नाही.

रंधताना एक गोष्ट दिसली. एका फळीवर गेरूनं काढलेलं एक उर्दू अक्षर, वाटोळं पोट आणि खाली लांब शेपूट. दुसऱ्या एका फळीच्या पाठीवरही तसंच. जुन्या सुताराची खूण असणार. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी. पहिलं रंध्यानं उडालं. दुसरं खालच्या बाजूला जाईल, राहू दे. पण गेरू बोटाला लागला. शंभर वर्षांचा गेरू बोटाला लागतो का?

९ जानेवारी

नाही लागत, बहुतेक.

१४ जानेवारी

संक्रांत. ताईनं तिळाच्या वड्या केल्या आणि मी सरस उकळला. तिला आधी सांगितलं नव्हतं की सरस जनावरांच्या कातड्याचा करतात. कळल्यावर मी आणि सरसाचं भांडं, दोघंही अंगणात. तीन विटांची चूल मांडली. थंडी इतकी की सरस ब्रशावरच गोठतो, लाकूडसुद्धा शेकून घ्यावं लागलं. दोन फळ्यांच्या कडा एकत्र रंधल्या होत्या, उजेडाकडे धरून पाहिलं तर मधून केसभर उजेड. पुन्हा रंधलं. मग उजेड गेला. उजेड गेला तेव्हा जे वाटलं ते वहीत लिहिता येत नाही. अमरावतीच्या छापखान्यात, इटारसीच्या हॉटेलात, वर्ध्यात, कुठेच असं काही झालं नव्हतं. कदाचित हे व्हायच्या आधीच मी निघत असेन.

फळ्या आवळायला शिकंजे कुठून आणणार? ताईची कपडे वाळत घालायची दोरी घेतली, चार वेढे दिले आणि दोरी नि लाकूड यांच्यात पाचरी ठोकल्या. सांधा घट्ट.

भाऊजी ऑफिसातून येऊन व्हरांड्यात बसले. हल्ली हातात हिंदीचं पुस्तक असतं. टिपण आता हिंदीत लिहायचं असतं म्हणे, आणि साहेब त्यांचं टिपण दोनदा परत पाठवतात. "कार्यवाही, कार्यवाही," असं पुटपुटत असतात. वडी दिली तर हातात धरून बसले. मग आपणहून म्हणाले, "जी.टी. एक्सप्रेस आता इटारसी सोडत असेल. पुढे नागपूर." भाऊजींना रेल्वेची भारी आवड. कुठली गाडी कुठे पोचली असेल ते रोज सांगतात.

२० जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी भाऊजी ऑफिसला गेल्यावर मी मागच्या अंगणात चौकटीच्या खांबांचे पाय कापत होतो. एक टोक सडकं निघालं म्हणून जरा जास्त कापावं लागलं. जोडलेल्या दोन फळ्या विटांवर टेकवलेल्या. कुंपणापाशी एक वयस्क माणूस उभा. मेंदी लावलेली दाढी, काळी शेरवानी, हातात छत्री. म्हणाला, "को खाँ, बेंच बन री हे?"

मी हो म्हटलं.

"माशाल्ला. अच्छा जोड बिठाया." आत आला, फळ्यांवरून तळहात फिरवला. मग गुडघे धरत हळूहळू खाली वाकला आणि खालून पाहिलं. तसाच वाकलेला म्हणाला, "ये रिया मेरा मीम."

गेरूचं अक्षर. त्याचं नाव मुन्ने मियाँ. जहांगीराबादेत त्याची जुन्या लाकडाची टाल, म्हणजे वखार आहे. कोठी पाडायच्या आधीच त्यानं सगळं चांगलं लाकूड विकत घेतलं होतं आणि नगानगावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं. हातगाडीवाल्याला विचारत विचारत इथवर आला.

मी म्हटलं, मुकादमानं दिलं. तो म्हणाला, "मुकादम ने तुझे जलाऊ दी थी, बेटा. तू भी जानता हे, में भी जानता हूँ." आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग घराकडे पाहिलं आणि भाऊजींबद्दल विचारलं. "सरकारी क्वाटर हे. बेनोई हें तेरे? क्या करते हें?"

"सचिवालय में हैं."

"तो थाने-वाने की बात में नईं करता. शरीफ आदमी की इज्जत का मामला हे. अपने बाबूजी से केना, राजीनामा लिख दें. बस, बात खतम. जुम्मे तक देख रिया हूँ." आणि छत्री टेकत निघून गेला.

ताईनं आतून विचारलं, "कोण होतं रे?" मी म्हटलं, लाकूडवाला. खोटं नाही बोललो.

राजीनामा. भाऊजींनी राजीनामा द्यायचा. नाही तर पोलीस.

२१ जानेवारी

झोप नाही. एका तुळईसाठी कुणाची नोकरी मागेल का कुणी? पण मग वाटतं, का नाही? चोरीचा माल सरकारी क्वार्टरमध्ये सापडला. पोलिसात गेलं तर भाऊजी सस्पेंड होणारच. हा त्यापेक्षा सोपी वाट देतो आहे, स्वतःहून जा. वर मानभावीपणे इज्जत म्हणतो. त्याचा कुणी पुतण्या-भाचा असेल नोकरीच्या शोधात. चहाच्या टपरीवर लोक बोलतातच की नागपूरवाल्यांनी सगळ्या खुर्च्या अडवल्या. एक खुर्ची रिकामी झाली तर कुणाला नको आहे?

नोकरी गेली की क्वार्टर गेलं. ताईचं स्वयंपाकघर गेलं. पेरूच्या रोपाला आज चौथं पान आलंय, तिनं मला हाताला धरून नेऊन दाखवलं.

लाकूड परत द्यावं तर त्याची तुळई मी कापून तीन फळ्या केल्या. त्या परत जोडून तुळई होत नाही.

बसवेना म्हणून तिसरी फळी जोडून टाकली. कशासाठी, माहीत नाही. निळ्या डागाची. पुन्हा ताईची दोरी, पुन्हा पाचरी. दोरी आवळताना वाटलं ही आपल्याच छातीभोवती आवळतो आहे. सांधा मात्र पहिल्यापेक्षा चांगला बसला.

दुपारी मुन्ने मियाँच्या पाया पडायला निघालो होतो. बड्या तालाबावर दोन कोळी जाळ्यावरून भांडत होते, ते बघत राहिलो. त्यांचं भांडण संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि माझं धैर्यही. परत आलो.

२२ जानेवारी

जे करायचं नव्हतं ते केलं. म्हणजे करायला निघालो.

दिवेलागणीला पिशवीत सदरा, धोतर आणि रंधा टाकला आणि स्टेशनावर गेलो. मी नसलोच तर चोर नाही, चोर नाही तर भाऊजींवर ठपका नाही, असा हिशेब. निघून जाणं मला जमतं. अमरावतीहून छापखान्यातलं काम अर्धं टाकून गेलो, इटारसीहून तर कढईत भजी सोडून. त्यात काही अवघड नसतं, फक्त मागं बघायचं नसतं.

इटारसीची गाडी लागली होती. डब्याच्या दांडीला हात घातला आणि आठवलं की ताईची दोरी बाकाला अडकलेली आहे. मी गाठी अशा मारल्यात की तिला सुटायच्या नाहीत. पाचरी कुठल्या बाजूनं ठोकायच्या तेही तिला ठाऊक नाही. धुणं कशावर वाळत घालेल? कालपासून तिनं ओले कपडे खुर्च्यांवर टाकलेत आणि एका शब्दानं बोलली नाही.

एका दोरीसाठी माणूस गाडी सोडतो. इतका मूर्ख मी आहे.

घरी आलो तर ताई म्हणाली, "पिशवीत काय आहे?" मी म्हटलं, "रंधा. धार लावायला नेला होता." "मग दे की आत ठेवते." तिनं पिशवी घेतली. सदरा आणि धोतर काढून, झटकून, घडी करून खुंटीवर ठेवलं. ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या.

२३ जानेवारी

सांगितलं.

ताई कमलिनीबाईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. भाऊजी पुस्तक घेऊन व्हरांड्यात. मी दोरी सोडत होतो. पाचर बाहेर आली आणि तिच्याबरोबर सगळंच बाहेर आलं. दोन ढीग, बोट, गेरू, मीम, जुम्मा.

भाऊजींनी चष्मा काढला. "राजीनामाच म्हणाला? नीट आठव."

"राजीनामा लिख दें. अगदी हेच शब्द."

"माझा?"

"'अपने बाबूजी से केना' म्हणाला."

मला वाटलं आता उठतील आणि माझ्या मुस्काटात मारतील. उठले आणि आतून कागद, दौत, टाक घेऊन आले. माझ्या बाकाचा फळा विटांवर होता, त्याच्यावरच कागद ठेवला आणि उकिडवे बसून लिहायला लागले. इंग्रजीत. 'आय बेग टू' पासून खालच्या सहीपर्यंत टाक कुठे अडला नाही. मी चकित झालो. दोन दिवसांच्या रजेच्या अर्जाला ज्या माणसाला तीन कच्चे खर्डे लागतात, त्यानं हे एका बैठकीत, एक अक्षर न खोडता लिहिलं. घाबरल्यावर माणसाला बळ येतं ते असं.

मला रडू फुटलं. म्हटलं, भाऊजी, मी तुमचं घर बुडवलं. ते कागदावर फुंकर घालत म्हणाले, "रडतोस कशाला? सुटलास." की 'सुटलो' म्हणाले? मी नाक शिंकरत होतो, नीट ऐकू आलं नाही.

"ताईला?"

"ती हळदीकुंकवाहून येईल ती हसत येईल. आज नको. शनिवारी मी सांगेन." मग फळ्यावर हात फिरवून म्हणाले, "हे तू केलंस? तू?"

२४ जानेवारी

भाऊजी ऑफिसातून लवकर निघाले. इस्त्रीचा कोट घातला होता. जहांगीराबादेपर्यंत चालत गेलो. मी मागे पडत होतो आणि भाऊजी मात्र झपाझप पुढे. एकदा तर मागं वळून म्हणाले, "चल रे." वाटेत मी एकदाही कुठे थांबलो नाही. माकडवाला होता तरी.

मुन्ने मियाँ टालीत खाटेवर बसून हुक्का ओढत होते. भाऊजींना पाहून उठले, खाट झटकली, पोऱ्याला चहा सांगितला. भाऊजी बसले नाहीत. कागद पुढे केला. "आपने जो माँगा था."

मुन्ने मियाँनी कागद उलटा केला, सुलटा केला. "ये तो अंग्रेजी हे. क्या लिख्खा हे इसमें, बाबूजी?"

"राजीनामा. मेरा." भाऊजी ताठ उभे. "मैं नौकरी छोड रहा हूँ. लडके को कुछ मत कहिए."

मुन्ने मियाँच्या तोंडातला धूर तोंडातच राहिला. "नोकरी? नोकरी काय को छोड रिये हो खाँ?"

"आपने राजीनामा माँगा."

"अमाँ, राजीनामा माँगा था! आप राजी, हम राजी. कागद पे लिख दो के आगे कोई झगडा नईं. लडका हरजाने में मुझे एक तखत बना दे बेठने को, लकडी उसकी हो गई. इस्तीफा किस कमबख्त ने माँगा?"

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. माझ्या कानात नळावरचं भांडण वाजलं. दोघींचा राजीनामा झाला बाई एकदाचा.

मुन्ने मियाँना हळूहळू उमगलं तसे ते हसायला लागले, मग ठसका लागला, मग डोळे पुसत म्हणाले, "एक तुलई पे नोकरी! केसे लोग हो तुम नागपूरवाले. इधर आओ, बेठो, चाय पियो." आणि कागद घडी करून, दोन्ही हातांनी, अदबीनं भाऊजींना परत दिला.

मी तिथल्याच एका ओंडक्यावर बसलो. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. भाऊजींना धक्का जास्त बसला असणार. त्यांचा चेहरा एकदम ओघळला. इस्त्रीच्या कोटात अर्धं मिनिट ते कुणीतरी उतरून गेलेल्या गाडीच्या डब्यासारखे दिसले.

मग खरा राजीनामा लिहिला. मुन्ने मियाँ सांगत गेले, भाऊजी हिंदीत लिहीत गेले. "लकडा दिया," त्यांनी लिहिलं. मुन्ने मियाँ म्हणाले, "दी. लकडी दी, बाबूजी. हमारे इधर लकडी ओरत जात हे." भाऊजींनी खोडून दुरुस्त केलं आणि अनेक दिवसांत पहिल्यांदा थोडंसं हसले. "आमच्यात लाकूड नपुंसक," ते मला म्हणाले. दोघांच्या सह्या झाल्या. मियाँच्या सहीचं पहिलं अक्षर तेच, वाटोळं पोट आणि शेपूट.

येताना पुलावर थांबले. पाण्याकडे बघत म्हणाले, "वसुधाला यातलं काही सांगू नकोस." वसुधा म्हणजे ताई.

"नाही सांगणार. पण आता तर सगळं चांगलंच झालं."

"हो," म्हणाले. "चांगलं झालं." मग स्टेशनाच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली, पण कुठली गाडी ते आज सांगितलं नाही.

२६ जानेवारी

सुट्टी. सकाळी झेंडावंदन, मग बाक उभं केलं.

पायांच्या टोकांची कुसवं फळ्यात केलेल्या खाचांत बसली. एक कुसू जरा सैल. फळा खाली ठेवला तेव्हा ताईनं नारळ फोडला आणि बाकाला हळदकुंकू लावलं, तेही बरोबर निळ्या डागावर. म्हणाली, "बरं झालं, झाकलं गेलं." उद्या इतवाऱ्यात जाऊन सांगायचं की बाक झालं. फर्निचरवाल्याची स्टुलं त्यानंतर, आधी मुन्ने मियाँचं तखत. ते जमिनीवर होणार नाही, बाक लागेल, आणि बाक आहे.

फक्त बाक हलतं. सडकं टोक कापलं होतं तो पाय आखूड झालाय. रंधा मारला की टक, परत ओढला की टक. मी पाचर तासायला लाकूड शोधत होतो. भाऊजी व्हरांड्यातून उठून आले. कोटाच्या खिशातून तो इंग्रजी कागद काढला. मला वाटलं होतं त्यांनी तो कधीच फाडला असेल. त्याची एक घडी केली, दुसरी केली, तिसरी नखानं दाबून केली आणि खाली बसून पायाखाली सरकवली. फळ्यावर दोन्ही हात टेकून जोर दिला.

"बघ," म्हणाले. हललं नाही.

ताई पेरूला पाणी घालत होती. "अहो, कसला कागद तो? कामाचा नाही ना?"

"नाही."

"फाडून टाकते म्हटलं, अच्या पाचर घालील."

"असू दे तिथंच."

मग त्यांनी रंधा मागितला. धरायचा कसा ते दाखवलं. पहिल्या दोन वेळी अडकला, तिसऱ्या वेळी एक लांब सालपट निघालं, ते त्यांनी कानाशी नेऊन कुस्करलं. ताई हसत होती. मीही.

पण कागद आहे तो. कागद दबतो. महिन्या-दोन महिन्यांत बाक पुन्हा हलायला लागेल. तेव्हा भाऊजी ऑफिसात असताना काढून लाकडाची पाचर घालीन. तोवर इथेच आहे मी, बघतो.